डॉट कॉम मिळत नाहीये, नवीन एक्स्टेंशन ९९ रुपयांत मिळतंय, घेऊ का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुमचा वऱ्हाडी मसाले आणि चटण्यांचा घरगुती व्यवसाय आहे, ब्रँडच्या नावाचं डॉट कॉम कोणीतरी आधीच घेऊन ठेवलंय आणि तो दीड लाख मागतोय, तेच नाव डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट शॉप मध्ये ९९-१४९ रुपयांना दिसतंय, डिझायनर म्हणतो घेऊन टाका, भाऊ म्हणतो डॉट कॉम सोडून काही घेतलं तर लोकांना फ्रॉड वाटतं, आणि वर २०२६ मध्ये अजून ढीगभर नवीन एक्स्टेंशन येणार असं वाचलंय म्हणून थांबायचं का हा प्रश्न.

छोटं उत्तर: डॉट इन घ्या, थांबू नका, दीड लाख अजिबात देऊ नका.

आता मोठं उत्तर. मी बरीच वर्षं डोमेन (म्हणजे साईटचे पत्ते), डीएनएस (पत्त्यावरून साईट शोधून देणारी व्यवस्था) आणि मेल सर्व्हर हेच काम करतोय आणि एक गोष्ट कायम बघतो. लोक डॉटच्या डावीकडच्या नावावर महिना-महिना डोकं खातात, घरात मतदान घेतात, गुरुजींना पण विचारतात, आणि उजवीकडचा जो तुकडा आहे, म्हणजे एक्स्टेंशन, तो कोणाच्या हातात आहे हे एकदाही विचारत नाहीत. खरं तर पैसे, त्रास, मेल स्पॅममध्ये जाणं, सगळं उजवीकडूनच ठरतं. डोमेन तुम्ही विकत घेत नाही, भाड्याने घेता, आणि उजवीकडचा तुकडा ज्याचा तो तुमचा घरमालक. त्याला रजिस्ट्री म्हणतात. ज्या साईटवरून तुम्ही घेता तो रजिस्ट्रार, तो फक्त एजंट. तुमच्या डिझायनरला बहुतेक एजंटच माहितीये.

नाव उघडतं कसं तर उजवीकडून. तुम्ही पत्ता टाकला की रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्या वतीने पत्ता शोधणारा सर्व्हर, आधी रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्या एक्स्टेंशनची यादी ठेवणाऱ्याला, विचारतो बाबा स्टोअर कोण सांभाळतं, रूट सांगतो अमुक रजिस्ट्री, मग तिला विचारायचं हे नाव कुणाचं, ती तुमच्या होस्टिंगच्या नेमसर्व्हरकडे पाठवते. रूटची जी यादी आहे त्यात आज चौदाशेच्या वर एक्स्टेंशन आहेत. १९८४ मध्ये ऑक्टोबरात जे कागद निघाले त्यात सर्वसाधारण वापराची मोजून पाच होती, कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग, नेट नंतर आलं, आणि बाकी देशांची दोन अक्षरी. पहिलं डॉट कॉम सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने १५ मार्च १९८५ ला घेतलं.

मग पाचाची चौदाशे व्हायला इतकी वर्षं का लागली? लोकांना वाटतं तांत्रिक अडचण असेल. तशी काही नव्हती. ही यादी ज्यांच्या हातात होती ते जॉन पोस्टेल, त्यांनी स्वतःच १९९६ मध्ये दीडशे नवीन एक्स्टेंशन आणायचा प्रस्ताव मांडला होता. अडलं ते कोणी विकायचं, पैसे कोणाला, ट्रेडमार्कवाल्या कंपन्यांचं काय, आणि अमेरिकेच्या सरकारचं म्हणणं काय यावर. १९९८ मध्ये ही यादी सांभाळायला आयकॅन नावाची संस्था काढली, त्याच वर्षी ऑक्टोबरात पोस्टेल गेले. आयकॅनने २००० मध्ये सात दिली, डॉट इन्फो, डॉट बिझ, डॉट म्युझियम वगैरे, त्यातलं इन्फो आणि बिझ तुम्ही बघितलं असेल, डॉट एअरो कोणी बघितलंय का विचारा. मग अजून थोडी, डॉट मोबी, डॉट एशिया, डॉट ट्रॅव्हल. आणि २०११ च्या जूनमध्ये सिंगापूरच्या मीटिंगमध्ये ठरलं की आता दार उघडायचं, ज्याला हवं त्याने अर्ज करा, फी एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर.

अर्ज आले १९३०. हा सगळा प्रकार बघण्यासारखा होता. अर्ज भरायच्या सिस्टीममध्येच घोळ निघाला, एका अर्जदाराला दुसऱ्याच्या फाईलींची नावं दिसायला लागली, म्हणून एप्रिल २०१२ मध्ये सिस्टीम बंद केली ती मे मध्ये उघडली. मग आधी कोणाचा अर्ज तपासायचा यासाठी "डिजिटल तिरंदाजी" अशी भन्नाट आयडिया काढली, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या जास्तीत जास्त जवळ क्लिक करायचं, ज्याचा नेम अचूक तो पुढे. ती पण गुंडाळावी लागली. शेवटी डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला शंभर डॉलरचं तिकीट घेऊन चिठ्ठ्या काढल्या, आणि इंग्रजी सोडून इतर लिपीतल्या नावांना आधी नंबर दिले. पहिला नंबर कोणाला लागला तर व्हॅटिकनच्या "कॅथलिक" या शब्दाच्या चिनी रूपाला. अब्जावधीच्या धंद्याची सुरुवात लकी ड्रॉ ने झाली म्हणा ना.

अर्ज करणारे कोण होते ते मात्र नीट बघा, कारण ते तुमचे होणारे घरमालक. डोनट्स नावाच्या एकाच कंपनीचे ३०७ अर्ज होते (आज ती आयडेंटिटी डिजिटल), गूगलचे १०१, अॅमेझॉनचे ७६. आणि तुम्हाला जे डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन दिसतंय ना, ते रॅडिक्सचं, म्हणजे मुंबईत तुरखिया भावांनी सुरू केलेल्या डायरेक्टी ग्रुपमधून निघालेली कंपनी, त्यांनी ३१ एक्स्टेंशनसाठी अर्ज केले होते, टेक, साईट, स्पेस, फन पण त्यांचीच. आपल्याकडच्या लोकांनी या धंद्यात जगभर जागा मिळवलीय हे फार कोणाला माहीत नसतं, म्हणून सांगितलं. डॉट शॉप जपानच्या जीएमओ कडे आहे, त्यांनी ते २०१६ मध्ये लिलावात ४ कोटी १५ लाख डॉलरला घेतलं. गूगलने डॉट अॅप अडीच कोटी डॉलरला घेतलं, त्यासाठी १३ अर्ज होते. आणि डॉट वेब साठी बोली गेली साडेतेरा कोटी डॉलरवर, बोली जिंकणारी कंपनी पुढे निघाली व्हेरिसाइनच्या पैशावर उभी, म्हणजे डॉट कॉम चालवणारेच, आणि त्यावरून जो वाद लागला तो वर्षानुवर्षं चालला.

एवढे पैसे ज्याने ओतले तो ते कुठून काढणार? तुमच्याकडूनच. रजिस्ट्रीला आयकॅनला दरवर्षी २५ हजार डॉलरच्या वर नुसती ठराविक फी द्यावी लागते, नावं विकली जावोत ना जावोत. म्हणून पहिलं वर्ष ९९ रुपये, आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला काही हजारांचं बिल येतं. यात फसवणूक नाहीये हां, रिन्यूअलचा रेट तिथेच बारीक अक्षरात लिहिलेला असतो, फक्त कोणी वाचत नाही.

आता हे नीट समजून घ्या. डॉट कॉम चा घाऊक भाव करारात बांधलेला आहे, व्हेरिसाइनला सहा वर्षांच्या करारात शेवटची चार वर्षं दरवर्षी फार तर ७ टक्के वाढवता येतो, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला. नवीन एक्स्टेंशनला असं कुठलंही बंधन नाही. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्री नावाच्या कंपनीने तिच्या काही एक्स्टेंशनचे भाव एकदम वाढवायचं जाहीर केलं, डॉट होस्टिंग वीस डॉलरच्या आसपास होतं ते तीनशे डॉलरवर, इतकं की गोडॅडी या मोठ्या रजिस्ट्रारने ती विकायचीच बंद केली. ज्यांनी त्यावर दुकान थाटलं होतं त्यांनी काय करायचं? कार्डं छापलेली, पाकिटावर पत्ता छापलेला. नियम एकच आहे, रिन्यूअलचा भाव वाढवायचा असेल तर रजिस्ट्रीने रजिस्ट्रारला १८० दिवस आधी कळवायचं आणि तेवढ्या काळात जुन्या भावाने दहा वर्षांपर्यंतचं रिन्यूअल करता आलं पाहिजे. पण कळवायचं रजिस्ट्रारला, तुम्हाला नाही. तुमच्यापर्यंत ती मेल येईल का, आली तर ऑफरच्या मेलींच्या गर्दीत दिसेल का, हे तुम्हीच ठरवा. आणि "प्रीमियम" असा शिक्का असलेलं नाव असेल तर त्याचं रिन्यूअल पण दरवर्षी प्रीमियम असू शकतं. चांगला छोटा शब्द डॉट शॉप मध्ये दिसला की आधी हे बघायचं.

जुनी म्हणून सगळी सुरक्षित असंही नाही. डॉट ऑर्ग वरची भावाची मर्यादा २०१९ मध्ये काढली आणि काही महिन्यांत ते एका खाजगी गुंतवणूक कंपनीला एक अब्जाहून जास्त डॉलरला विकायला निघाले, जगभरच्या संस्थांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने नाही म्हटलं. जगभरच्या ट्रस्ट आणि सेवाभावी संस्थांचे पत्ते त्यावर आहेत, त्यातल्या किती जणांना हे चाललंय याचा पत्ता होता?

देशांच्या दोन अक्षरी एक्स्टेंशनचं वेगळंच. डॉट एआय म्हणजे अँग्विला हे कॅरिबियन बेट, डॉट टीव्ही म्हणजे तुवालू, डॉट को म्हणजे कोलंबिया. तिथे नियम त्या देशाचे, आयकॅनचा करार नाही. डॉट टीके, डॉट जीए, डॉट एमएल वगैरे फुकट मिळायची, आठवत असेल, कॉलेजच्या प्रोजेक्टला पोरं तीच घ्यायची. फ्रीनॉम नावाची कंपनी ती वाटायची, फिशिंगवाल्यांनी, म्हणजे खोट्या साईट काढून लोकांचे पासवर्ड चोरणाऱ्यांनी, त्यांचा उकिरडा केला, २०२३ मध्ये मेटाने कोर्टात खेचलं, त्याच वर्षी गॅबॉनने डॉट जीए परत ताब्यात घेतलं आणि सत्तर लाखांच्या आसपास नावं एका झटक्यात गेली. फुकटात होतं म्हणून गेलं असं नाही, घरमालक बदलला म्हणून गेलं.

भाऊ जे म्हणतात लोकांना फ्रॉड वाटतं, त्यात तथ्य आहे पण अर्धंच. गूगल सर्चमध्ये नवीन एक्स्टेंशनमुळे वर किंवा खाली जात नाही, हे गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट सांगितलंय, आणि त्याच वर्षी त्यांच्या मूळ कंपनीने, म्हणजे अल्फाबेटने, स्वतःसाठी डॉट एक्सवायझेड वरचा पत्ता घेतला. त्रास होतो तो मेलला. पहिलं वर्ष जिथे स्वस्त तिथे स्पॅमवाले ट्रकभर नावं घेतात, वापरतात, फेकतात. मग मेल फिल्टर त्या सगळ्या एक्स्टेंशनकडेच वाकड्या नजरेने बघतात आणि तुमचं प्रामाणिक कोटेशन गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये जातं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणाऱ्या नोंदी, सगळं बरोबर लावूनही हे होताना मी बघितलंय, नवीन नावाला तर जास्तच. दुसरं म्हणजे फॉर्म. पूर्वी प्रोग्रामर लोकांनी ईमेल तपासायचा कोड लिहिताना शेवटचा तुकडा दोन ते चार अक्षरांचाच असतो असं धरून ठेवलंय, तो कोड कॉपी-पेस्ट होत होत आजही कुठल्या कुठल्या पोर्टलमध्ये बसलाय, तिथे डॉट ऑनलाइन टाकलं की "इनव्हॅलिड ईमेल". कुरियरचं पोर्टल, सरकारी नोंदणी, व्हेंडर फॉर्म, कुठे अडेल सांगता येत नाही. म्हणून नवीन एक्स्टेंशन घेणार असाल तरी धंद्याची मुख्य मेल त्यावर ठेवू नका.

आता डॉट भारत, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की मराठीतच पत्ता का घेऊ नये. देवनागरी .भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, हिंदी, मराठी, कोकणी सकट आठ भाषांसाठी, चालवते निक्सी, म्हणजे डॉट इन वालीच संस्था. देवनागरीत .कॉम, .नेट, .संगठन हीसुद्धा आहेत बरं का, २०१२ च्याच अर्जांतून आलेली, पण कोणाला माहितीये! आतमध्ये डीएनएस ला देवनागरी कळत नाही, प्रत्येक नावाचं रोमन अक्षरांत एक सांकेतिक रूप बनतं आणि तेच फिरतं. ब्राउझरला हे छान जमतं, पण व्हॉट्सअॅपवर किंवा कुठे पाठवलं की कधी कधी ते विचित्र रूपच दिसतं आणि मग खरंच फ्रॉड वाटतं. आणि तुमच्या बाबतीत एक खास गोची आहे. "वऱ्हाडी" मधला ऱ्ह दोन पद्धतीने टाइप होतो, काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने बनवतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला सेम टू सेम, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. रजिस्टर करताना एक टाकलं आणि गिऱ्हाईकाच्या फोनने दुसरं टाकलं तर पान उघडेलच याची खात्री नाही. घ्यायचंच तर हौस म्हणून घ्या, मुख्य साईटवर रीडायरेक्ट लावा, पाटीवर छान दिसतं. मेल त्यावर नको. देवनागरी पत्त्यावर मेल पाठवायचं स्टँडर्ड २०१२ पासून आहे, जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांना मेल पाठवतं-घेतं, पण समोरच्या पोर्टलचा फॉर्म तो पत्ता घेईल याची आशाच करू नका. मला याचं वाईट वाटतं, पण धंदा तुमचा आहे, प्रयोग दुसऱ्याने करू दे.

कोणीतरी खाली विचारलंय की मोठ्या कंपन्यांसारखं स्वतःच्या ब्रँडचंच एक्स्टेंशन काढता येतं का. येतं की. स्टेट बँकेने डॉट एसबीआय काढलं आणि खरोखर वापरलं, बँकेची साईट कित्येक वर्षं त्यावर होती. आता रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, नावं द्यायचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेला. म्हणजे उजवीकडचा तुकडा बघून गिऱ्हाईकाला कळावं की ही खरीच बँक. बँकेखेरीज कोणाला ते मिळतच नाही म्हणून त्याला अर्थ आहे, माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातला हाच सगळ्यात कामाचा उपयोग. बाकी ब्रँडवाल्यांनी भीतीपोटी घेतली आणि सोडून दिली, मॅकडोनाल्ड्सने घेतलेली दोन्ही परत केली, अशी शंभराच्या वर गेलीत. टाटांना डॉट टाटा मिळालं नाही, कारण मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत आहे आणि यादीतल्या प्रांताच्या नावाला तिथल्या सरकारची हरकत नाही असं पत्र लागतं, ते काही आलं नाही. डॉट टाटामोटर्स मात्र मिळालं. अमेरिकेतल्या क्रायस्लरने त्यांच्या रॅम गाड्यांसाठी अर्ज केला, इंग्रजीत अक्षरं तीच, आर ए एम, भारत सरकारने धार्मिक भावनांचा मुद्दा काढला, ते पण आज यादीत नाही. अॅमेझॉनला नदीकाठच्या देशांशी २०२० पर्यंत झगडावं लागलं. घरगुती मसाल्याला यातलं काही परवडणारं नाही, सोडा.

२०२६ साठी थांबायचं का? नाही. या फेरीत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ अशी अर्जाची मुदत आहे, फी २ लाख २७ हजार डॉलर, पण हे अर्ज रजिस्ट्री व्हायला निघालेल्यांचे, तुमच्या-माझ्यासारख्यांनी नाव बुक करायचे नाहीत. हे सांगतोय कारण "नवीन एक्स्टेंशनमध्ये आत्ताच जागा राखून ठेवा" असे फोन यायला लागलेत, सरळ कट करा. मागच्या वेळी अर्जांची यादी जाहीर झाली जून २०१२ मध्ये आणि पहिली चार एक्स्टेंशन रूटमध्ये आली ऑक्टोबर २०१३ मध्ये, अरबी, रशियन आणि चिनी लिपीतली, आणि भांडणवाली तर त्यानंतर कित्येक वर्षांनी. समजा उद्या डॉट मसाला कोणी काढलंच, तरी ते बाजारात येईपर्यंत तुमच्या दोन-तीन दिवाळ्या होऊन जातील.

दीड लाखवाल्याचं. तुमच्या ब्रँडचा ट्रेडमार्क त्याने नाव घ्यायच्या आधीचा असेल आणि त्याने ते तुम्हालाच लुटायला घेतलंय हे दाखवता आलं तर यूडीआरपी ची, म्हणजे डोमेनच्या वादांसाठी कोर्टाबाहेर जी सोय आहे तिथे, तक्रार करता येते, डॉट इन साठी तशीच आयएनडीआरपी आहे. पण तुमचं नाव म्हणजे मुलखाचं नाव अधिक मसाले, असल्या सर्वसाधारण नावावर केस टिकणं अवघड, आणि तक्रारीची फी, वकील धरून आकडा दीड लाखाच्या पुढेच जाईल. त्याला उत्तरच देऊ नका. तुम्ही रस दाखवला की भाव वाढतो. ते नाव तो वर्षानुवर्षं रिन्यू करत बसेलच असं नाही, सुटलं तर बघू.

मग डॉट इन का? मेल फिल्टर त्याला ओळखतात, फॉर्म अडत नाहीत, वाद झाला तर इथल्या इथे सोडवायची सोय आहे, आणि तुमचं गिऱ्हाईक अकोला-नागपूर-पुण्याचं आहे, त्याला डॉट इन बघून काही खटकणार नाही. डॉट को डॉट इन पण सोबत घेऊन ठेवा, स्वस्त आहे. हौस असेल तर डॉट स्टोअर एक वर्ष घ्या, इंस्टाग्रामच्या बायोत लावा, पण ऑटो-रिन्यू बंद करून, आणि पाकिटावर छापू नका.

आणि घेताना एक काम स्वतः करा, डिझायनरवर सोडू नका. रजिस्ट्रारचं खातं तुमच्या मेलने, तुमच्या फोन नंबरने उघडा, आणि रजिस्ट्रंट (नाव ज्याच्या नावावर आहे तो) या रकान्यात तुमचं किंवा फर्मचं नाव टाका, आधारवर किंवा उद्यमवर आहे तसंच. डिझायनरला फक्त डीएनएस बदलायचा अॅक्सेस द्या. माझ्याकडे येणाऱ्या रडगाण्यांपैकी बरीचशी अशीच असतात की साईटवाल्या पोराने स्वतःच्या नावावर घेतलं, तो दुबईला गेला, आता फोन उचलत नाही. आणि ज्या मेलवर खातं उघडाल ती मेल त्याच डोमेनवरची नको, जीमेलची ठेवा, नाहीतर डोमेन संपलं की ओटीपी पण बंद आणि रिन्यू करायला आत पण जाता येत नाही. तीन वर्षांचं एकदम भरा. काही अडलं तर खाली लिहा, रजिस्ट्रारच्या स्क्रीनचा फोटो टाकलात तरी चालेल, फक्त त्यावरचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायचा गुप्त कोड, झाकून टाका.